थांब मिस्त्रीनं बंद केलेली पडवी

आमच्या शेणवे गावात आजही कोणी ‘थांब’ बोललं की माझं डोकं फिरतं. कंडक्टर बोलू दे, बायको बोलू दे, शेजारचा त्याच्या म्हशीला बोलू दे. म्हैस थांबते, मी चिडतो. ह्याला कारण एकच माणूस. नामदेव मिस्त्री, धसईच्या पलीकडचा. खिडक्या बसवायचा. एका उन्हाळ्यात त्यानं मला हा शब्द इतक्या वेळा ऐकवला की घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला वाटायचं, मिस्त्रीच काय तरी बोलला.

सगळा शहापूर-मुरबाड त्याला थांब मिस्त्री बोलायचा. तोंडावर नाय, माघारी. तोंडावर बोलायचा गाढवपणा मी एकट्यानंच केला. ते पुढं सांगतो.

आधी माझं सांगतो, म्हणजे ह्या चिडण्यात मिस्त्रीचं किती आणि माझं किती ते तुमालाच समजंल. मी टेम्पो चालवतो. धसईच्या बाजारातनं भाजी भरायची, आसनगाव स्टेशनला उतरवायची. शाळेत चौथी पास झालो. पाचवीत मास्तरच बोलले, बबन, तू वर्गाच्या बाहेर जास्त हुशार दिसतोस. मी बाहेर गेलो तो गेलोच.

घर म्हणाल तं मागं चूल, मधी एक खोली, तिच्यात भाताची कणगी आणि आमी, आणि पुढं पडवी. पडवी सोळा फूट लांब, नऊ फूट रुंद. कमरेएवढी भिंत, वर तारेची जाळी, डोक्यावर पत्रा. जाळी माझ्या हातची. माकडं आत येऊ नयेत म्हणून लावली, आणि एक माकड आत असतानाच लावली. संध्याकाळपर्यंत ते आत आणि आमी बाहेर. गावातली मोठी माणसं बघायला आली. अशा माणसाच्या घरात पुढं जे झालं ते झालं.

आमची एकच पोरगी, जयू. दिलेली कल्याणला. लग्नाला दोन वर्षं झाली नि गोड बातमी आली. मे महिन्याच्या शेवटाला दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात आमच्यात बोलायचं काय नसतंच. माझी बायको सुमन जुन्या साड्या काढून गोधड्या शिवायला बसली, डिंक आणला, हळीव आणला. आणि होळीच्या आधी जावयाचा, नितीनचा फोन आला.

“पप्पा, माझं काय नाय. पण मे महिन्यात तुमच्याकडं भट्टी असते. इथं बेडरूमला एसी हाय. डॉक्टर पण खाली हाय. जयूला इथंच राहू दे ना.”

सुमन फोनला कान लावून उभी होती. तिच्या हातातली सुई तशीच राहिली. ती भांडली की मला बरं वाटतं, गप बसली की माझी जीभ भलतीकडं चालते. मी फोनवर बोलून गेलो, “जावईबापू, पडवी सगळी बंद करतोय. काचेच्या खिडक्या, एसी, सगळं. एप्रिलात एका रविवारी या, बसून बघा. नाय आवडलं तं पोरगी तुमच्याकडंच राहूद्या.”

फोन ठेवला. सुमन बोलली, “पडवी कधी बंद करताय?”

मी बोललो, “आत्ता सुचलं.”

अशी मिस्त्रीची गरज लागली.

त्याला बोलवायच्या आधी शेणव्याच्या चहाच्या टपरीवर मी चौकशी केली होती. तिथं एकानं सांगितलं, माणूस कामाला सोनं हाय, पण तुझ्यासारख्यानं जाऊ नये. का? तं मुरबाडकडं एका मुंबईवाल्यानं बंगला बांधला. त्याला व्हरांडा चारी बाजूनं काचेचा पायजे होता, अख्खी काच, उघडायची भानगडच नाय. मिस्त्री बोलला, थांब. तुझा कुत्रा कुठं झोपतो दुपारचा? मालक बोलला, ह्याच व्हरांड्यात. मिस्त्रीनं चारी बाजूला जाड प्लास्टिक बांधलं, म्हणजे काच लागल्यावर जसं होईल तसं, आणि बोलला, कुत्रा दुपारभर आत राहिला तं मी काच बसवतो. कुत्रा पंधरा मिनिटं राहिला. मंग प्लास्टिक फाडून विहिरीच्या सावलीला जाऊन पडला. मालक बोलला, अरे, घरात राहणार मी का कुत्रा? मिस्त्री बोलला, कुत्र्याला कळतंय ते तुला कळत नाय, तवर तुझं काम मी करत नाय. आणि स्टूल उचलून निघून आला.

टपरीवर सगळे हसले. मी पण हसलो. आपल्या घरात कुत्रा मीच होणार हाय, हे मला तेवा माहीत नव्हतं.

तर एका सकाळी दहा वाजता मिस्त्री आला. जुनी मोपेड, पाठीमागं दोरीनं बांधलेलं तीन पायांचं सागाचं बुटकं स्टूल. माणूस बारका, वाळलेला, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. कुठंही गेला तरी बसायला स्वतःचंच स्टूल. बोलायचा, “दुसऱ्याच्या खुर्चीत माणूस लवकर हो बोलतो.”

पडवीच्या मधोमध स्टूल ठेवलं नि बसला. मी मीटरपट्टी घेऊन बाजूला उभा.

“मिस्त्री, माप घ्यायचं?”

“थांब.”

चहा आला. बशीत ओतून प्याला. अकरा वाजले. उठला, स्टूल दोन फूट सरकवलं, परत बसला. खिशातनं कोळशाचा तुकडा काढला नि फरशीवर जिथं ऊन संपत होतं तिथं रेघ मारली. सुमननं सकाळीच फरशी पुसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी रेघेकडं बघितलं. बारा वाजता दुसरी रेघ. एक वाजता तिसरी, आणि जेवण. जेवून झाल्यावर त्यानं खिशातनं अर्धी जळलेली अगरबत्ती काढून पेटवली. सुमनला वाटलं पूजा करतोय, ती धावत हळदकुंकू नि जास्वंदीचं फूल घेऊन आली. मिस्त्रीनं फूल घेतलं, कानावरच्या पेन्सिलीशेजारी खोवलं नि अगरबत्ती घेऊन पडवीभर फिरायला लागला. भिंतीजवळ, पत्र्याच्या खाली, मधल्या दारात. धूर जाईल तिकडं हा. मी त्याच्या पाठी. घरात लग्नाचे फेरे चालल्यासारखं दिसत होतं.

चार वाजता पहिल्यांदा तोंड उघडलं.

“वारा ह्या खालच्या कोपऱ्यातनं येतो नि मागच्या दारानं जातो. वहिनी, मागचं दार दुपारचं उघडं असतं?”

“उघडंच असतं,” सुमन बोलली.

“मंग चांगलं घर हाय. बिघडवताय कशाला?”

मी त्याला जयूचं सांगितलं. सगळं ऐकलं. ‘बाळंतीण’ ऐकल्यावर मात्र कानावरचं फूल काढून भिंतीवर ठेवलं.

“राब कुठं भाजता?”

आता बघा, खिडकीचं माप घ्यायला आलेला माणूस विचारतो, भाताच्या रोपांसाठी जमीन कुठं भाजता. मी बोललो, “पश्चिमेच्या शेतात. काय संबंध?”

“उन्हाळ्यात तिथनं धूर येणार. म्हणजे पश्चिमेची खिडकी घट्ट बंद झाली पायजे. आणि बाकीच्या वेळी पूर्ण उघडली पायजे.”

“मंग स्लायडिंग लावा ना. आजकाल सगळे स्लायडिंग लावतात.”

“थांब. स्लायडिंग कधी पूर्ण उघडली बघितलीस? एक काच सरकवली की दुसरीच्या पाठीमागं जाऊन उभी राहते. अर्धी खिडकी कायम बंद. पल्ल्याच्या लावायच्या, दारासारख्या. उघडली की उघडली.”

“आणि एसी?”

“थांब. एसी शेवटी. एसी म्हणजे पाहुणा. लाईट असली तं येणार, लाईट गेली का जाणार. पाहुण्याच्या भरवशावर बाळंतीण ठेवतोस?”

मंग वर बघितलं. पत्र्याला हात लावून बघितला नि पटकन काढून घेतला. “आधी डोकं थंड करायचं. तुझं नाय, पडवीचं.”

शेवटी एकदाचं माप घेतलं. कागदावर नाय. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत पेननं आकडे लिहिले. मी बोललो, वही देतो. बोलला, वही हरवते, हात हरवत नाय. स्टूल बांधलं नि गेला. तीन दिवसांनी परत आला. मी बोललो, आणल्या खिडक्या? बोलला, “नाय रे. घामानं पुसलं.” परत माप. परत हातावर. आणि पाचव्या दिवशी परत दारात! ह्या वेळी घरी जाऊन म्हशीला पाणी पाजलं, बादलीत हात गेला. तिसऱ्यांदा सुमननं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं माप लिहून घडी करून त्याच्या खिशात कोंबलं. चौथी शिकलेला मी आणि तिसरी शिकलेली सुमन, पण अक्कल कुणाकडं हाय हे मिस्त्रीला समजलं. त्या दिवसापासून तो प्रश्न मला विचारायचा नि उत्तरासाठी तिच्याकडं बघायचा.

आणि मंग गायब. फोन लावला तं बोलला, “माझा स्वतःचा राब राहिलाय. पंधरा दिवस थांब.”

पंधरा दिवस! इथं जावई एप्रिलात येणार. सुमन दर दोन-तीन दिवसांनी एक गोधडी पुरी करायची आणि ती घडी करून माझ्या डोळ्यासमोर ठेवायची. चार गोधड्या झाल्या तेवा माझं डोकं सरकलं.

भिवंडीकडं एक ऑफिस पाडत होते. तिथल्या काळ्या काचेच्या तीन मोठ्या स्लायडिंग खिडक्या मला मिळाल्या. चकाचक, आरशासारख्या. टेम्पोत घालून आणल्या. गावातनं जाताना मी मुद्दाम हळू चालवत होतो, लोकांनी बघावं म्हणून. माप मी मोजलं होतं. कशानं, तं पायानं. त्या कमरेएवढ्या भिंतीवर उताणा झोपलो नि पाय वर करून जाळीवरनं पत्र्यापर्यंत पावलं टाकली. पाच पावलं आली. पाच फुटाच्या खिडक्या आणल्या. जागा निघाली साडेचार फूट. माझं पाऊल फुटापेक्षा बारकं हाय, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

पण मी हार मानतोय होय? खिडक्या भिंतीला टेकवून ठेवल्या नि जाळीला आतनं प्लास्टिक मारलं. चहूकडून. एक फट ठेवली नाय. एसी नव्हता, म्हणून सासऱ्याचा जुना पाण्याचा कूलर आणला. सुमनला बोललो, “अर्धा तास थांब, फ्रीज करतो.” आत गेलो, दार लावलं, कूलर चालू केला, खाटेवर पडलो. पहिली पाच मिनिटं काश्मीर. दहा मिनिटांनी अंग चिकट झालं. वीस मिनिटांनी प्लास्टिकवरनं पाणी गळायला लागलं. कूलर पाणी हवेत सोडत होता नि हवेला जायला जागाच नव्हती. खाटेखाली सुमनचे वाळवलेले पापड होते, ते रुमालासारखे लोंबायला लागले. मी बाहेर यायला गेलो तं लाकडी दार ओल धरून फुगलेलं. आतनं मी ढकलतोय, बाहेरनं सुमन ओढतेय. शेवटी दार उघडलं आणि मी तिच्या पायावरच पडलो.

सुमन वाकून बघून बोलली, “शिजला का गो बाई हा?” आणि उठवायच्या आधी पापड उचलून उन्हात टाकले.

आणि त्याच टायमाला मोपेड आली. माणूस पंधरा दिवस आला नाय तो बरोबर तेवाच आला. पडवी बघितली, प्लास्टिक बघितलं, कूलर बघितला, मला बघितलं. हसला नाय. हसला असता तं बरं झालं असतं.

“कूलर कधी बंद खोलीत चालवत नायत, बबन. त्याला मागं खिडकी लागते, पुढं दार लागतं. आणि पावसाळ्यात तं हातच लावायचा नाय.”

“मला काय माहीत?”

“म्हणून तं बोललो होतो.”

काय बोलला होता? थांब! एवढंच तं बोलला होता!

मंग काळ्या खिडक्यांभोवती फिरला. काचेवर टिचकी मारली. बोलला, “पश्चिमेला काळी काच म्हणजे तवा. तापते नि रात्रभर आत तेच सोडते. पण वाया घालवायच्या नाय.” आणि माझ्यादेखत त्यातल्या दोन खिडक्या कोंबड्यांच्या खुराड्याला पूर्वेकडनं बसवून दिल्या. आमच्या कोंबड्या आजही ऑफिसातल्या साहेबासारख्या काळ्या काचेतनं बाहेर बघतात. गावातले लोक अंडी घ्यायला आले की बोलतात, साहेब हायत का आत?

त्यानंतर मिस्त्रीनं काम केलं ते मात्र बघण्यासारखं. मी चिडलेला होतो तरी बघत होतो. आधी पत्र्याला वरनं चुन्याचा पांढरा हात दिला. खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटयांचं छत बांधलं, आणि त्या वीतभर पोकळीला दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे पत्र्याची गरमी तिथल्या तिथं निघून जाईल. खिडक्या पल्ल्याच्या, साधी पांढरी काच, बाहेरनं मच्छरजाळीची वेगळी चौकट. काचेच्या कडेला रबर असं बसवलं की कागद सरकणार नाय. आणि पश्चिमेला, काचेच्या बाहेरनं हातभर अंतरावर कारवीची ताटी. आमच्याकडं कारवीच्या काठ्यांचे कूड असतात तसली, पण वर दोरी, ओढली की वर, सोडली की खाली.

मी बोललो, “पडदा आतनं लावतात मिस्त्री. कल्याणला बघा.”

“ऊन काचेतनं आत आल्यावर पडदा काय करणार? आलेल्या माणसाला हाकलण्यापेक्षा दारात अडवलेलं बरं.”

एसीचं पण तसंच. मला दोन टनाचा पायजे होता. जावयाकडं दीडचा हाय, मंग आपला दोनचा नको? मिस्त्री बोलला, “एक टनाचा बास. नऊ फुटी खोली हाय, मासळी ठेवणार हाय का तिच्यात?” आणि आमच्याकडं दुपारी लाईट कधी कधी नुसती लुकलुकते, म्हणून आधी स्टॅबिलायझर घ्यायला लावला. सुमननं मान डोलावली. म्हणजे झालं.

आणि मंग ते झालं ज्याच्यामुळं मी त्याला तोंडावर बोललो.

एक दिवस मी धसईहून फेरी मारून आलो तं पडवीची पुढची चौकट उभी राहिली होती. पण भिंतीवर नाय. भिंतीपासून तीन फूट आत. म्हणजे नऊ फुटाची खोली सहा फुटाची. पुढं तीन फुटाचा पट्टा उघडाच, कट्ट्यासारखा.

माझ्या डोक्यातनं वाफ निघाली. “हे काय? माप चुकलं? परत घामानं पुसलं?”

“नाय. मुद्दाम.”

“मुद्दाम? माझी पडवी! मी नऊ फूट बोललो होतो! जावयाला मी नऊ फूट सांगितलंय! ओ थांब मिस्त्री, तुमी समजता काय स्वतःला?”

बोलून गेलो. आणि जीभ चावली. मिस्त्रीनं पेचकस खाली ठेवला.

“बोल,” तो बोलला. जसं काय कोणी नामदेव बोलून हाक मारली.

“तुमाला... माहीत हाय हे नाव?”

“वीस वर्षं झाली. बायको पण तेच बोलते.” आणि मंग त्यानं मला स्टुलावर बसवलं. स्वतः फरशीवर बसला. “बबन, तुझ्या पडवीत सकाळपासून कोण कोण बसलं?”

मी आठवायला लागलो. शेजारची काकी तांदूळ निवडत बसली होती. दुधाचा हिशेब ऐकवायला गवळी. रस्त्यानं जाणारी दोन माणसं पाणी प्यायला. एक तं कोण होता मला पण माहीत नाय.

“कोणी विचारून बसलं?”

“पडवीत बसायला कोण विचारतं?”

“काचेचं दार लागलं की विचारावं लागतं. विचारायला लागलं की येत नायत. पोरगी बाळंत झाल्यावर आत तं कोणाला घेणार नायस. बाया बघायला येणार. कुठं बसतील? उन्हात?”

मी सुमनकडं बघितलं. ती गोधडी शिवत होती. वर न बघता बोलली, “मीच सांगितलं त्यांना.”

“आणि मला?”

“तुमी नऊ फूट नऊ फूट करत होता.”

मी तीन दिवस दोघांशी बोललो नाय. कोणाच्या लक्षात आलं नाय.

एप्रिलातला रविवार आला. जावई बाराच्या उन्हात उतरला. येताना घामानं भिजलेला. मी त्याला थेट खोलीत नेलं, एसी आधीच लावून ठेवलेला. आत गेल्यावर जावई “आहा पप्पा” बोलला. मी दाराजवळ असा उभा, जसा मीच एसी. सुमननं सरबत आणलं. ह्या एका दुपारवर पोरगी येणार का नाय ते ठरणार होतं.

पंधरा मिनिटं झाली आणि लाईट गेली.

एसी गप. पंखा गप. जावयानं वर बघितलं. “पप्पा, इन्व्हर्टर हाय ना?”

“येतोय,” मी बोललो. कुठनं येतोय, कोण आणतोय, मला काय माहीत. “आत्ता येईल लाईट. पाच मिनिटं.”

“नाय म्हणजे पाच मिनिटं ठीक हाय पप्पा. पण जयूला असं असताना...” त्यानं वाक्य सोडून दिलं. सुमननं सरबताचा ग्लास उचलला आणि आत जायला वळली.

बाहेर त्या तीन फुटाच्या पट्ट्यात मिस्त्री एका बिजागरीला तेल घालायला आलेला. स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. तिथनंच बोलला, “थांब.”

आत आला. पश्चिमेची ताटी पूर्ण सोडली. खालच्या कोपऱ्यातली खिडकी सताड उघडली, तिच्यासमोरची अर्धी, मधलं दार उघडलं. सुमनला बोलला, “वहिनी, मागचं दार.” अगरबत्ती पेटवून खिडकीत धरली. धूर क्षणभर उभा राहिला, मंग आडवा झाला नि खोलीतनं सरळ मागच्या दाराकडं निघाला, जसा काय कोणी दोरीनं ओढतोय. जावयाच्या कपाळावरचे केस हलले.

“पडा जरा,” मिस्त्री त्याला बोलला. “फोन करायचाय तं पडून करा.”

जावई खाटेवर पडला. फोन हातात. ऑफिसचं काय तरी बघत होता. बघता बघता फोन छातीवर आला. मंग घोरायला लागला. मी, सुमन आणि मिस्त्री, तिघं दारात उभे राहून झोपलेला जावई बघत होतो. एक वाजला, दोन वाजले. कोकरू झोपल्यासारखा. मी चवड्यावर चालत होतो, आणि त्यात बादलीला पाय लागला तो लागलाच. तरी उठला नाय.

तीनच्या पुढं उठला. तोंड पुसलं, इकडं तिकडं बघितलं. “मस्त झोप लागली. लाईट कधी आली पप्पा?”

“आली कुठं?” सुमन बोलली.

जावई पंख्याकडं बघत राहिला. पंखा बंदच होता. मंग बोलला, “गुरुवारी आणून सोडतो जयूला.”

सुमन आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. बघितलं तं कणगीला टेकून डोळ्याला पदर लावून उभी. मी मिस्त्रीचे आभार मानायला बाहेर आलो तं मिस्त्री जावयाला सांगत होता, “तुमची कल्याणची खिडकी कुठल्या तोंडाची हाय?” जावई बिचारा सांगत होता नि हा “थांब, थांब” करत होता. मी काय मधी पडलो नाय. आता त्याची पाळी.

मेच्या शेवटाला शहापूरच्या दवाखान्यात जयू सुखरूप बाळंत झाली. मुलगी. घरी आणली. गावातल्या बाया आल्या आणि त्या तीन फुटात खेटून बसल्या. दहा-बारा जणी सहज मावल्या. काचेतनं बाळ बघायच्या, गप्पा मारायच्या, राब भाजल्याचा धूर यायला लागला की जयू आतनं एक पल्ला ओढायची नि बस. मी त्या पट्ट्याला ‘चुकलेलं माप’ बोलायचो. कोण हसायचं नाय.

पावसात मिस्त्री वारला. धसईच्या बाजारात टेम्पोत वांगी भरताना मला समजलं. तोलणारा बोलला, “तो थांब मिस्त्री गेला रे.” मी वांगी परत मोजायला लावली. काय करणार?

त्याला मी शेवटचा बघितला तो बाळ आठ दिवसांचं असताना. कोणी बोलावलं नव्हतं. भर दुपारी मोपेड आली. बाळंतपणाचं सुवेर होतं म्हणून आत आला नाय, बाहेरच्या पट्ट्यात स्टूल टाकून बसला. जरा वेळानं त्याचा हात खिशाकडं गेला. अगरबत्ती पेटवून त्यानं खिडकीच्या चौकटीला धरली, नि धूर गेला सरळ आत.

आतनं सुमनचा आवाज, “अवो मिस्त्री! पोरीच्या नाकात धूर!”

“जातोय, जातोय, मागच्या दारानं जातोय,” हा बोलला. आत बाळ शिंकलं. बारीकशी शिंक. मिस्त्रीनं घाईघाईनं अगरबत्ती फरशीवर दाबून विझवली, परत तिथंच जिथं सुमन रोज पुसते. मंग काचेला नाक लावून बघितलं.

“झोपते का?”

“दिवसभर झोपते,” जयू बोलली.

मिस्त्रीनं विझलेली अगरबत्ती खिशात टाकली. उठला नि मोपेडकडं चालायला लागला.

मी बोललो, “आता जेवून जावा. सुमन भाकऱ्या टाकतेय.”

“नाय बाबा,” तो बोलला, “मला टाइम नाय.”

माझा अख्खा उन्हाळा खाल्लेला माणूस! फरशीवर रेघा मारत दिवस दिवस बसलेला माणूस! त्याला टाइम नाय! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मोपेड चालू झाली, रस्त्याला लागली, आणि तेवा माझ्या लक्षात आलं, स्टूल इथंच राहिलंय. मी धावलो. पायात चप्पल एकच.

“ओ मिस्त्री! थांबा! थांबा ओ!”

त्यानं मागं न बघता हात वर केला. डावा हात. त्याच्यावर पेननं लिहिलेले आकडे, कोणाच्या तरी खिडकीचे, घामानं अर्धे पुसलेले. मंग वळणावरच्या झाडाआड गेला.

मागनं सुमन बोलली, “ओरडू नका हो. पोरगी उठंल.”

मी स्टूल उचलायला परत आलो, आणि दमलो होतो म्हणून त्याच्यावरच बसलो. बुटकं स्टूल. गुडघे कानाला लागले. बाजूला काकी तांदूळ निवडत होती, ती जरा सरकली नि परत निवडायला लागली.